काळ्या बायांची नावं आणि आपला दावा

(नागाव इथं वाड्या-वाड्यांवरून आलेल्या बायांच्या मेळाव्यात झालेलं भाषण. ज्यांना येता आलं नाही त्यांच्यासाठी बोललं तसंच उतरवून देत आहोत. वाडीवरच्या बैठकीत वाचता येणाऱ्या कुणीतरी ते मोठ्यानं वाचून दाखवावं.)



आज मला जगातल्या काळ्या बायांबद्दल बोलायला सांगितलं आहे. कुणी म्हणेल, आमचे दावे तालुक्याला पडून आहेत, वाडीभोवती कुंपण पडायला लागलंय, आणि ही बाई आफ्रिका-अमेरिकेच्या गोष्टी काय सांगत बसली? तसं कुणाच्या मनात आलं असेल तर ते बरोबरच आहे. म्हणून आधी सांगते, की मी आज ज्या बायांची नावं घेणार आहे, त्यांतली प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या कागदासाठी भांडली आहे. कुणी मतदार यादीसाठी, कुणी कोर्टातल्या केससाठी, कुणी जंगल वाचवण्यासाठी. आपण पण कागदासाठीच भांडतोय. म्हणून त्यांची ओळख करून घ्यायची.

आणखी एक कारण आहे. ‘काळी’ हा शब्द आपल्याला काही नवीन नाही. बाजारात गेलं की ऐकू येतो, शाळेत पोरींना ऐकू येतो. घरात पोरगी सावळी निघाली की चांगली शिकलेली माणसंही म्हणतात, कातकरणीसारखी दिसते. म्हणजे आपल्या जमातीचं नाव घेऊन दुसऱ्याच्या पोरीला हिणवायचं. तर ज्या बायांना जगभर याच रंगावरून हिणवलं, त्यांनी काय करून दाखवलं ते आपल्या पोरींना ठाऊक असायला पाहिजे.

आपल्या शेजारचा हबशी

फार लांब जायला नको. नागावातून किनारा धरून दक्षिणेला निघा. चौल लागेल, रेवदंडा लागेल, खाडी ओलांडली की कोर्लई, पुढं काशीद, नांदगाव, मुरूड, आणि राजपुरीसमोर पाण्यात जंजिरा. तो किल्ला सिद्दींचा. सिद्दी म्हणजे हबशी, आफ्रिकेतून आलेली माणसं. कुणी व्यापारी म्हणून आले, कुणी सैनिक म्हणून, आणि पुष्कळांना तर गुलाम म्हणून विकून जहाजात घालून आणलं. निजामशाहीचा कारभार ज्यानं चालवला तो मलिक अंबर लहानपणी विकला गेलेला हबशी पोरगा होता.

आता मलिक अंबरचं नाव पुस्तकात आहे, जंजिऱ्याच्या सिद्दींची नावं पुस्तकात आहेत. त्यांच्या बायांची? मलिक अंबरच्या बायकोचं, बीबी करीमाचं, नाव आपल्याला कळतं ते खुलताबादला तिची कबर आहे म्हणून. बाकीच्या ज्या बाया जहाजातून आल्या, ज्यांनी घरं सांभाळली, दळलं, कांडलं, पोरं वाढवली, त्यांची नावं कुठंच लिहिलेली नाहीत. आपल्यातही तेच आहे. चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० ला जंगल सत्याग्रहात गोळी लागून मेला तो नाग्या कातकरी आपल्याला ठाऊक आहे. त्याच्या आईचं नाव इथं कोण सांगेल? मला पण येत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट बोलायला पाहिजे. रंग काळा म्हणून राजा आपला होत नाही. मुरुडच्या वरचं फणसाडचं जंगल जंजिऱ्याच्या नवाबानं शिकारीसाठी राखलेलं होतं. राजा गेला, संस्थान गेलं, आणि १९८६ साली त्याचंच अभयारण्य झालं. तिथल्या वाड्यांना तेव्हा पण जंगल बंद होतं, आता पण बंदीच आहे. म्हणून मी आज राजा-नवाबांचं कौतुक सांगणार नाही. ज्या काळ्या बाया आपल्यासारख्या रानात आणि मजुरीत जगल्या, त्यांचं सांगणार आहे.

यल्लापूर-हल्याळच्या सिद्दी बाया

गोव्याच्या खाली, कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात, यल्लापूर, हल्याळ, अंकोला, मुंडगोड या तालुक्यांत सिद्दी लोक जंगलात राहतात. त्यांचे पूर्वज पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणले होते. त्यांतले पुष्कळ जण मालकाला चुकवून घाटातल्या रानात पळाले आणि तिथंच वस्ती करून राहिले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत, पण जमात एक. घरात कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. तुम्ही त्यांच्या ओसरीवर बसलात तर निम्मं बोलणं तुम्हाला कळेल.

त्यांचं जगणं पण कळेल. मध काढायचा, रानातलं गोळा करायचं, जंगलाच्या कडेला थोडी शेती, आणि सुपारीच्या बागांत दुसऱ्याकडं मजुरी. इथं नागावच्या वाड्यांत सुपारी सोलायला, नारळ उचलायला आपल्या बाया जातात, तसंच.

त्या बाया जुन्या लुगड्यांच्या, सदऱ्यांच्या चिंध्या जोडून गोधडी शिवतात. तिला त्या कवंदी म्हणतात. काठापासून शिवायला सुरुवात करायची आणि आत आत जात मध्यावर संपवायची. चारी कोपऱ्यांवर कापडाची घडी घालून छोटी फुलं लावायची. फुलं लावली नाहीत तर कवंदी उघडी वाटते म्हणतात. आज त्या कवंद्या परदेशातल्या प्रदर्शनांत लागतात. गुलामाच्या नाती-पणत्यांनी चिंध्यांतून केलेलं काम लोक भिंतीवर लावून बघतात.

पण या सिद्दींचं नाव आदिवासींच्या यादीत कधी आलं? उत्तर कन्नडच्या सिद्दींचं २००३ साली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर पन्नासपेक्षा जास्त वर्षं ते रानात राहून पण कागदावर आदिवासी नव्हते. शेजारच्या धारवाड आणि बेळगाव जिल्ह्यांतल्या सिद्दींना तर २०२० सालच्या कायद्यानं यादीत घेतलं. एकच जमात, एकच सोयरीक, पण जिल्ह्याची हद्द ओलांडली की मावशी आदिवासी आणि भाची नाही, असं सतरा वर्षं चाललं. यादी म्हणजे काय चीज असते ते आपल्याला सांगायला नको.

गुजरातमध्ये गीरच्या जंगलाजवळ जांबूर नावाचं सिद्दींचं गाव आहे. तिथल्या हिराबाई लोबी. लहानपणी आई-बाप गेले, आजीनं वाढवलं. शाळा नशिबात नव्हती. रेडिओ ऐकून शेतीचं शिकल्या. मग गावातल्या सिद्दी बायांना गोळा केलं, सेंद्रिय खत तयार करून विकायला शिकवलं, पैसे साठवायला शिकवलं, पोरांच्या शिक्षणाचं बघितलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. देणाऱ्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू, संथाळ आदिवासी. घेणाऱ्या हिराबाई, सिद्दी आदिवासी. एका पदकानं जमातीची दैना संपत नाही हे खरं, पण ते चित्र आपल्या पोरींनी बघावं असं मला वाटतं.

आणि हे पण लक्षात ठेवा. सरकार ज्यांना आदिम जमाती म्हणतं, त्या गुजरातच्या यादीत काथोडी आणि सिद्दी दोघांची नावं आहेत. काथोडी म्हणजे आपणच, कातकरी. आपल्या महाराष्ट्राच्या यादीत पण आपण आहोत, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर. म्हणजे हिराबाई आणि आपण एकाच यादीतल्या बाया. हे नातं नुसतं गोड बोलण्यापुरतं नाही, सरकारच्या कागदावरचं आहे.

कापसाच्या शेतातली फॅनी लू

आता समुद्रापलीकडं जाऊ. अमेरिकेत आफ्रिकेतून नेलेल्या माणसांची गुलामी कायद्यानं संपली १८६५ साली. त्या गोष्टीचा आपल्या जोतिरावांना इतका आनंद झाला, की १८७३ साली ‘गुलामगिरी’ पुस्तक लिहिलं ते त्यांनी अमेरिकेत गुलामी मोडणाऱ्या भल्या लोकांना अर्पण केलं. पण कायदा झाला म्हणून मालक सुटत नाही. वेठबिगारी बंद करणारा कायदा आपल्याकडं १९७६ साली झाला. वीटभट्टीवरची उचल बंद झाली का?

तर त्या देशात मिसिसिपी नावाचं राज्य आहे, कापसाचा मुलूख. तिथं १९१७ साली फॅनी लू हेमर ही बाई जन्मली. आई-बापाची विसावी पोर. जमीन मालकाची, अर्धलीनं कापूस पिकवायचा. ती सहा वर्षांची असताना मालक तिला म्हणाला, आठवड्याला एवढा एवढा कापूस वेच, मी तुला माझ्या दुकानातला खाऊ देतो. पोरीनं वेचला. दुकानातून खाऊ घेतला. आणि तिथून पुढं वेचतच राहिली, कारण दुकानाचं देणं फिटतच नव्हतं. सहा वर्षांच्या पोरीला खाऊची उचल! आपला मुकादम आगोटीला येतो, पोरांच्या हातावर पैसे ठेवतो, सणाला बाटली देतो, आणि दिवाळीनंतर अख्खं घर भट्टीवर. रीत तीच आहे.

तिच्या बापानं एकदा काटकसर करून खेचरं आणि गायी घेतल्या. आता आपलं आपण करू म्हणाला. कुणीतरी रात्री त्यांच्या खाण्यात विष घातलं. जनावरं मेली आणि घर परत मालकाच्या पायाशी. पुढं ती बाई मोठी झाली, लग्न झालं. १९६१ साली गाठ काढायला दवाखान्यात गेली, तर डॉक्टरनं तिला न विचारता गर्भपिशवीच काढून टाकली. काळ्या बायांच्या बाबतीत तिथं असं सर्रास व्हायचं.

१९६२ च्या ऑगस्टमध्ये तिला बैठकीत कळलं, की काळ्या माणसाला पण मताचा हक्क आहे. तोवर चव्वेचाळीस वर्षांत तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. अठरा जण बस करून तालुक्याच्या कचेरीत नाव घालायला गेले. कचेरीतल्या माणसानं काय केलं? राज्याच्या घटनेतलं एक अवघड कलम पुढं ठेवलं आणि म्हणाला, याचा अर्थ लिही. आयुष्यभर कापूस वेचलेली बाई काय लिहिणार? नापास. परत येताना पोलिसांनी बस अडवली आणि ड्रायव्हरला दंड केला. कारण काय, तर बसचा रंग जास्त पिवळा आहे! हसू नका. आपल्या दाव्याला ‘पुरावा अपुरा’ असा शिक्का मारतात आणि कुठला पुरावा अपुरा ते लिहीत नाहीत, ते याच्यापेक्षा काय वेगळं आहे?

घरी आली तर मालक दारात. नाव काढून घे, नाहीतर इथून चालती हो. अठरा वर्षं त्या मळ्यात राबलेली बाई. तिनं त्याला सांगितलं, की मी नाव घालायला गेले ते तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी गेले. त्याच रात्री तिला घर सोडावं लागलं. बायांनो, आपल्या कितीतरी वाड्या आज मालकाच्या नावच्या जमिनीवर आहेत. घर आपलं, खालची जमीन त्याची. तोंड उघडलं की ‘उद्या उठा’ हे शब्द आपल्याला पण ऐकायला लागतात. त्या रात्री फॅनी लू कुठल्या मनानं बाहेर पडली असेल ते आपल्याला समजावून सांगायला नको.

ती थांबली नाही. १९६३ च्या जानेवारीत परत परीक्षा देऊन नाव घातलंच. जूनमध्ये तिला तुरुंगात घालून इतकं मारलं, की एक डोळा आणि मूत्रपिंड कायमचं अधू झालं. १९६४ साली मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात टीव्हीसमोर बसून तिनं हे सगळं सांगितलं. त्या देशाचे अध्यक्ष जॉन्सन एवढे घाबरले, की तिचं बोलणं टीव्हीवर चालू असताना त्यांनी मध्येच पत्रकारांना बोलावून घेतलं, म्हणजे टीव्हीवाले तिकडं वळतील. वळले पण. आणि मग संध्याकाळी तिचं बोलणं देशभर दाखवलं.

मत मिळालं म्हणून पोट भरत नाही हे तिला ठाऊक होतं. ज्याचं घर मालकाच्या जमिनीवर, त्याचं मत पण मालकाच्या खिशात. म्हणून १९६९ साली तिनं सामायिक शेती उभी केली. पहिले चाळीस एकर, मग आणखी, असे शेकडो एकर. गरीब घरांसाठी भाजीपाला. आणि डुकरांची पेढी काढली. कुटुंबाला मादी पाळायला द्यायची, पिलं झाली की त्यांतली काही पेढीला परत, ती पुढच्या घराला. ती शेती फार वर्षं टिकली नाही. पाऊस-पाण्यानं मारलं, कर्ज झालं. १९७७ च्या मार्चमध्ये फॅनी लू गेली. पण मताबरोबर जमीन पाहिजे, हे तिनं बोलून नाही, करून सांगितलं.

एका रात्रीत हजारो कागद

त्याच देशात माँटगोमेरी नावाचं शहर आहे. तिथं बसमध्ये गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या जागा वेगळ्या. गोरा आला की काळ्यानं उठायचं. १९५५ साली मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन नावाची पंधरा वर्षांची पोर उठली नाही, तिला पकडलं. डिसेंबरच्या १ तारखेला शिवणकाम करणाऱ्या रोझा पार्क्स उठल्या नाहीत, त्यांनाही पकडलं. रोझा पार्क्सचं नाव जगाला माहीत आहे. पण त्या रात्री आणखी एक बाई जागी होती. तिचं नाव जो अ‍ॅन रॉबिन्सन, कॉलेजात शिकवायची. कॉलेजातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर तिनं दोन विद्यार्थी आणि एक सोबती घेऊन रातोरात हजारो पत्रकं काढली, सोमवारी बसमध्ये बसू नका म्हणून. सकाळी ती घरोघर पोचली. जे बुलेटिन तुमच्या हातात येतं, ज्याची शाई बोटाला लागते, तसल्याच यंत्रावर हे झालं. म्हणून या कागदाला कमी समजू नका.

बसमधून जाणाऱ्यांत सगळ्यात जास्त कोण? दुसऱ्यांच्या घरी भांडी, स्वयंपाक, पोरं सांभाळणाऱ्या काळ्या बाया. त्या ३८१ दिवस चालत गेल्या. गाड्यांच्या पेट्रोलला पैसा लागत होता, तर जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण आणि तिच्या मैत्रिणी घरी पदार्थ करून विकायच्या आणि पैसे आंदोलनाला द्यायच्या. साक्ष दिली म्हणून तिची नोकरी गेली होती. तिच्या मंडळाचं नाव त्यांनी ठेवलं होतं ‘कुठूनच नाही’. कुणी विचारलं पैसे कुठून आले, की सांगायचं, कुठूनच नाही! म्हणजे कुणा बाईला मालकीण कामावरून काढणार नाही. आपल्या मोर्चाला वाडीवरून भाकऱ्या येतात. त्या कुठल्या घरच्या हे आपण कधी लिहून ठेवतो का?

आणि शेवटी कोर्टात बसचा कायदा मोडला, ती केस चार बायांच्या नावावर चालली. ऑरेलिया ब्राउडर, सुसी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि ती पंधरा वर्षांची क्लॉडेट. भाषणं पुष्कळ पुरुषांनी केली, पण अर्जावर नावं बायांची होती. नाव घालायला छाती लागते, कारण नाव घातलं की घर सापडतं.

केनियातली झाडं आणि एक जास्तीचा काना

आता ज्या मुलखातून ही माणसं नेली त्या आफ्रिकेत येऊ. केनियावर पण इंग्रजांचंच राज्य होतं. चांगली जमीन गोऱ्यांनी घेतली, डोंगरावर राखीव जंगलाच्या हद्दी पाडल्या, जुनं रान तोडून पाइन आणि निलगिरी लावली. गोष्ट ओळखीची वाटते ना?

तिथं १९४० साली वंगारी जन्मली. तिच्या आईनं तिला सांगितलेलं, की उंबराच्या जातीचं जे मोठं झाड ओढ्याकाठी आहे त्याचं सरपण आणायचं नाही, ते देवाचं झाड. पुढं वंगारी शिकली, तिकडच्या मुलखात डॉक्टरेट मिळवणारी पहिली बाई झाली. परत गावी आली तर ते झाड कुणीतरी तोडलेलं आणि ओढा आटलेला. तेव्हा तिला कळलं की आई देवाचं म्हणत होती त्यात पाण्याचं शास्त्र होतं. आपले म्हातारे सांगतात, उंबर दिसला तिथं पाणी. देवराईला कुऱ्हाड लावायची नाही. हे अडाणीपणाचं बोलणं आहे असं कुणी म्हटलं तर त्याला वंगारीचं नाव सांगा.

१९७७ साली तिनं बायांना घेऊन रोपं लावायला सुरुवात केली. फॅनी लू गेली त्याच वर्षी. जंगल खात्याचे लोक म्हणाले, झाडं लावायला शिकलेला माणूस लागतो, बायांना काय जमणार? बायांनी रानातलं बी गोळा केलं, फुटक्या डब्यांत रोपं केली. जगलेल्या रोपामागे बाईला थोडे पैसे. लावलेल्या रोपामागे नाही, जगलेल्या. आपल्याकडच्या वृक्षलागवडीचे आकडे ऐकताना हा फरक आठवा. अशी तीन कोटी झाडं झाली. २००४ साली वंगारीला शांततेचं नोबेल मिळालं, आफ्रिकेतल्या बायांमध्ये पहिलं.

मधल्या वाटेत काय काय झालं ते ऐका. १९८९ साली सरकार राजधानीतल्या मोठ्या बागेत साठ मजली इमारत बांधणार होतं, तिनं ती बंद पाडली. १९९९ च्या जानेवारीत करुरा जंगल बंगल्यांसाठी वाटलं होतं, तिथं ती रोप लावायला गेली. भाडोत्री माणसांनी डोकं फोडलं. तशीच पोलीस ठाण्यात गेली आणि तक्रारीवर स्वतःच्या रक्तानं सही केली. त्याच वर्षी सरकारला सार्वजनिक जमिनी वाटणं थांबवावं लागलं. जंगल तोडून बंगले! इथं नागावात बसून ही गोष्ट सांगताना जास्त समजावून सांगायला लागत नाही. बाहेर रस्त्यावर बघा.

आणि घरातलं पण ऐका. नवऱ्यानं घटस्फोट घेतला, बाई फार शिकलेली आणि हट्टी आहे म्हणून. वर सांगितलं, माझं आडनाव लावायचं नाही. तिनं काय केलं? त्या आडनावात एक अक्षर जास्तीचं घातलं. आपल्या भाषेत बोलायचं तर एक काना. मथाईचं माथाई केलं आणि तेच नाव जगभर नेलं. २०११ साली ती गेली. तारीख होती २५ सप्टेंबर, आपल्या चिरनेरची. म्हणून चिरनेरच्या दिवशी नाग्याबरोबर तिचं पण नाव घ्यायला हरकत नाही.

मग आपण काय करायचं

वनहक्क कायदा २००६ सालचा. त्यात कलम ४ मध्ये स्पष्ट आहे, की लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदायचा, आणि बाई एकटी घर चालवत असेल तर तिच्या एकटीच्या नावानं. हे कुणाचं उपकाराचं बोलणं नाही, कायदा आहे. तरी आपले दावे काढून बघा. दळीवर आजी राबली, आई राबली, राब भाजला, नाचणी-वरी लावली, आणि दाव्यावर नाव एकट्या बाबाचं. बाईचं नाव असलंच तर ‘याची बायको’ एवढंच.

भावांनो, तुम्हाला वाटत असेल बाईचं नाव घातलं तर जमीन माहेरी जाईल. या जमिनीचा हक्क विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही, फक्त वारसाला जातो. मग जाणार कुठं? उलट एकट्याच्या नावाची जमीन दारूच्या नादात किंवा दलालाच्या गोड बोलण्यात आतल्या हातानं दुसऱ्याच्या ताब्यात गेल्याची उदाहरणं तुमच्याच वाडीत असतील. दोन नावं असली की दलालाला दोन माणसं गाठायला लागतात.

तर आज इथून जाताना चार कामं घेऊन जा.

पहिलं, दाव्याची प्रत मागा आणि बाईचं नाव आहे का बघा. नसेल तर वनहक्क समितीत आणि ग्रामसभेत अर्ज देऊन घालून घ्या.

दुसरं, नावाचा घोटाळा मिटवा. आपल्या जातीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर तिसरंच. अर्जात दोन्ही नावं लिहा आणि ही एकच बाई आहे असा वाडीतल्या जाणत्यांचा जबाब जोडा. म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब हा कायद्यानं पुरावाच आहे. तसंच जुना बांध, विहीर, झोपडीचा चौथरा, पूर्वजांची पुरण्याची जागा, हे सगळं पुरावा आहे. एकावर थांबू नका, कमीत कमी दोन जोडा.

तिसरं, ग्रामसभेत हजर राहा. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद लागतात आणि त्यांत एक तृतीयांश बाया लागतात. बाया नसतील तर सभाच धरता येत नाही. वनहक्क समितीत पण एक तृतीयांश बाया पाहिजेत. नुसतं अंगठा देऊन उठू नका. काय लिहिलं ते वाचून घ्या, नाहीतर वाचून दाखवायला लावा.

चौथं, दावा नाकारला तर कारण लेखी मागा. ग्रामसभेनं नाकारला असेल तर ठराव झाल्यापासून ६० दिवसांत उपविभागाच्या समितीकडं अपील करा. दिवस मोजा, भट्टीवर जाण्याआधी मोजा, नाहीतर परत येईपर्यंत मुदत गेलेली असेल.

भट्टीवर जाणाऱ्या घरांना माझं वेगळं सांगणं आहे. तुमचे कागद वाडीवर राहणाऱ्या एका बाईकडं ठेवून जा, आणि ती कोण हे सगळ्यांना ठाऊक असू द्या.

आणि शेवटी एक. वाडीवर गेल्यावर प्रत्येकीनं आपल्या आईचं, आजीचं आणि आठवत असेल तर पणजीचं नाव वहीत लिहून घ्या, ती कुठल्या दळीवर राबली तेही लिहा. ज्या पोरी शाळेत जातात त्यांना हे काम द्या. तो कागद दाव्याला पण जोडता येईल. फॅनी लू, वंगारी, हिराबाई यांची नावं आपल्यापर्यंत पोचली कारण कुणीतरी लिहून ठेवली. आपल्या आज्यांची आपणच लिहायची आहेत. पुढच्या बैठकीला वह्या घेऊन या, आपण एकत्र वाचू.

जिंदाबाद.